शाळेवर विश्वास, शिकलेल्यांवर संशय

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एम.ए.च्या प्रकल्पासाठी घानाच्या लेखिका आमा आटा आयडू घेतल्या आहेत, पण त्यांच्या कारकिर्दीला धागाच सापडत नाही. आधी नाटककार, मग प्राध्यापक, मधेच शिक्षणमंत्री, मग दुसऱ्याच देशात अभ्यासक्रमाचं काम, पुढे अमेरिकेत अध्यापन. आणि एवढ्या वर्षांत कादंबऱ्या मोजून दोन. ‘लेखिका’ म्हणून मांडू की ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणून? मार्गदर्शक म्हणतात, दोन्हींपैकी एक काय ते ठरव.

मी सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. आफ्रिकी साहित्याचा पेपर माझ्या गळ्यात पडला तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून, आणि निवृत्तीपर्यंत मी तो कुणाला दिला नाही. त्या जोरावर सांगते: ठरवू नका. ‘की’ काढून टाका. या बाईंनी शाळेसाठी जेवढा जीव टाकला तेवढा त्यांच्या पिढीत फार थोड्यांनी टाकला असेल. आणि त्यांच्या गोष्टी-नाटकांत नापास कोण होतं? शिकलेली माणसं. दर वेळी. निकाल देतात त्या अंगठेबहाद्दर आज्या, सासवा, बाजारात बसणाऱ्या बायका. शाळेवर एवढा विश्वास आणि शिकलेल्यांवर एवढा संशय एकाच माणसात कसा नांदला, हा तुमचा प्रकल्प. वीस पानं सहज भरतील.

आधी नावाकडे बघा, कारण तिथेच पहिली चूक होते. घानाच्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. ‘आमा’ म्हणजे शनिवारी जन्मलेली मुलगी. ‘आटा’ म्हणजे जुळ्यांपैकी एक. त्यांच्या जुळ्या भावाचं नाव क्वामे आटा, आणि क्वामे म्हणजे शनिवारचा मुलगा. जन्मतारीख सगळीकडे २३ मार्च दिलेली असते, साल मात्र कुठे १९४२ तर कुठे १९४०. मृत्युलेखांत वय ८१ दिलं होतं, म्हणजे १९४२ धरलं होतं. पण पंचांग काढून बसा: २३ मार्च १९४२ ला सोमवार येतो, १९४० ला शनिवार. मी यावरून निकाल देत नाही, घरातल्या कुणाचं नाव पुढे चालवायची चालही असते. तुम्ही प्रचलित साल लिहा, पण तळटीपेत हे टाका. परीक्षकाला कळेल की मुलीने नाव नुसतं उतरवलेलं नाही.

गाव साल्टपाँडजवळचं, अबेआद्झी क्याकोर. समुद्रकाठचा मध्य प्रांत, फान्टी बोलणारी माणसं; फान्टी ही अकानचीच एक बोली. तेव्हा देशाचं नावही घाना नव्हतं, गोल्ड कोस्ट होतं. वडील नाना यॉ फामा गावचे प्रमुख, आणि गावातली पहिली शाळा त्यांनीच काढली. मुलींना शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. त्यामागे जेम्स क्वेगिर अ‍ॅग्रे या फान्टी शिक्षणतज्ज्ञाचा प्रभाव होता. पुरुष शिकला तर एक माणूस शिकतो, बाई शिकली तर सगळं राष्ट्र शिकतं, हे तिकडे अ‍ॅग्रेंचं वचन म्हणून पाठ असतं. आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं तेच वाक्य. त्याच अ‍ॅग्रेंची कोंबड्यांत वाढलेल्या गरुडाची गोष्टही प्रसिद्ध आहे, ती लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

आता एक विनंती. ‘आफ्रिकेच्या सावित्रीबाई’ असं शीर्षक देऊ नका. दर वर्षी एक तरी प्रकल्प असा यायचा, आणि मी लाल पेनाने खोडायची. सावित्रीबाईंना शेणमातीचे गोळे झेलत शाळा उघडावी लागली. आयडूंना शाळा घरच्या अंगणात मिळाली, गावप्रमुखाच्या मुलीला कोण अडवणार? त्यांची लढाई शाळेत गेल्यानंतरची आहे: शाळा शिकवते काय, कुणाच्या भाषेत, आणि शिकून बाहेर पडलेला माणूस घरी परततो का. एका बाईची उंची दुसरीला चिकटवली की दोघींचंही काही कळेनासं होतं.

केप कोस्टच्या वेस्ली गर्ल्स हायस्कूलमधला किस्सा त्या स्वतः सांगत. पंधरा वर्षांच्या असताना शिक्षिकेने विचारलं, पुढे काय करणार? त्यांच्या तोंडून निघून गेलं, कवी होणार. शिक्षिका म्हणाली, कवितेवर पोट भरत नाही. आणि काही दिवसांनी तिनेच या मुलीला एक ऑलिव्हेटी टाइपरायटर आणून दिला. पुढे एका वर्तमानपत्राच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली. निकाल कळला तो कसा, तर पेपर उघडला आणि मधल्या पानांवर आपलंच नाव दिसलं! टाइपरायटरचा हा किस्सा बहुतेक जण ‘शिक्षिकेचं प्रोत्साहन’ म्हणून लिहितात. मला त्यात दुसरंच दिसतं. तोंडाने व्यवहाराचं बोलायचं आणि हाताने स्वप्नाला खर्च करायचा, ही हाडाच्या मास्तरणीची रीत आहे. आयडूंनी पुढे आयुष्यभर बरोबर उलटं केलं: तोंडाने जाहीरपणे स्वप्न मांडलं आणि हाताने निमूटपणे अभ्यासक्रम तयार केले.

लेगॉनला घाना विद्यापीठात त्या बी.ए. करत होत्या ती १९६१ ते १९६४ ची वर्षं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली, पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचा काळ, आणि नाटककार एफुआ सदरलँड यांनी राजधानी अक्रात नाट्यप्रयोगांचं केंद्र उभं केलेलं. त्या वातावरणात या विद्यार्थिनीने एक नाटक लिहिलं, आणि मार्च १९६४ मध्ये ते विद्यापीठातच उघड्या रंगमंचावर झालं. ‘द डायलेमा ऑफ अ घोस्ट’. १९६५ मध्ये ते छापून आलं. आफ्रिकी बाईचं छापलं गेलेलं हे पहिलं नाटक, असं सर्रास म्हटलं जातं. पण ‘पहिलं’ या शब्दावर पान वाया घालवू नका. नाटक वाचा.

आटो यॉसन अमेरिकेतून शिकून परततो. बरोबर बायको, युलाली, अमेरिकी कृष्णवर्णीय. घराने त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, ते अजून डोक्यावर आहे. आजीला धक्का बसतो तो रंगाचा नाही, कुळाचा: नातवाने गुलामांच्या वंशातली मुलगी घरात आणली! सासू एसी कोम प्रेमाने सुनेसाठी गोगलगायी आणते, तिकडचा मेवा तो. सून किळस येऊन फेकून देते. वर्ष उलटतं, पाळणा हलत नाही. चुलते आणि चुलत्या औषधी पाणी घेऊन येतात, सुनेच्या पोटाला लावायला. प्रत्यक्षात नवराबायकोने ठरवून मूल लांबवलेलं आहे. हे आटोला एका वाक्यात सांगता आलं असतं. तो सांगत नाही. इंग्रजीत बायकोला गप्प करतो, फान्टीत आईला.

हे नाटक मी पहिल्यांदा वर्गात घेतलं तेव्हा गोगलगायींच्या प्रसंगाला वर्ग फिदीफिदी हसला. दापोलीकडची एक मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, ‘मॅडम, आमच्या वैनीनं असंच सुकट फेकलं होतं. वास येतो म्हणून. आजी दोन दिवस जेवली नाही.’ वर्ग गप्प. मग मी विचारलं, ‘दादा काय म्हणाला?’ ‘दादा काय म्हणणार? मोबाइल बघत बसला.’ त्या दिवशी आटो यॉसन कोण ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

नाटकात मुलं एक गाणं म्हणतात: तिठ्यावर एक भूत उभं आहे, केप कोस्टला जाऊ की एल्मिनाला जाऊ, त्याला ठरत नाही. शीर्षक तिथून आलं. नकाशा उघडून ही दोन गावं बघा. किनाऱ्यावर शेजारी-शेजारी आहेत, आणि दोन्हीकडे ते किल्ले आहेत जिथून माणसं कोंडून, साखळदंडात जहाजांवर चढवली गेली. म्हणजे भुताचा पेच ‘पूर्व की पश्चिम’ असा पाठ्यपुस्तकी नाही. दोन्ही रस्ते त्याच वखारीपाशी जातात. युलालीचे पूर्वज यातल्याच एखाद्या किल्ल्यातून गेले असतील, आणि त्या किल्ल्यांच्या सावलीत राहणारं घर तिला परकी म्हणतंय. शेवटी तिला हात धरून आत कोण नेतं? पदवीधर नवरा नव्हे. सासू नेते. आटो अंगणात उभा राहतो, त्या भुतासारखा.

पुढचं नाटक, ‘अनोवा’, १९७० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि माझ्या मते ते त्यांचं सर्वांत मोठं काम. गोष्ट आईकडून ऐकलेली. काळ १८७० च्या आसपासचा. अनोवा आपल्या मर्जीने लग्न करते, नवऱ्याबरोबर राबते, नवरा श्रीमंत होतो आणि गुलाम विकत घेऊ लागतो, आणि ती अडून बसते. तिला एक जुनी आठवण आहे. लहानपणी तिने आजीला किनाऱ्यावरच्या मोठ्या घरांबद्दल विचारलं होतं, ती कशाला बांधली म्हणून. गुलाम ठेवायला. गुलाम म्हणजे काय, नाना? (तिकडे आजीलाही ‘नाना’ म्हणतात.) आजी चिडली, असले प्रश्न विचारू नयेत म्हणाली, आणि त्या रात्री पोरीला भयानक स्वप्न पडलं. सबंध गावाने गिळून टाकलेला इतिहास एका मुलीच्या झोपेतून वर येतो. त्या वयाच्या मुलीने विचारलेला प्रश्न दाबला की पुढे काय होतं, हे एखाद्या शिक्षिकेलाच इतकं अचूक दिसू शकतं. या नाटकात म्हातारा-म्हातारीची एक जोडी सुरुवातीला येऊन बोलते, तिचं नाव आहे ‘मीठ-मिरची खाणारं तोंड’. आपल्या पारावरची माणसं आठवतील.

दोन नाटकांच्या मधे त्या अमेरिकेत स्टॅनफर्डला लेखनाच्या अभ्यासवृत्तीवर जाऊन आल्या, आणि १९६९ मध्ये परतल्या. ‘परतल्या’ याखाली रेघ मारा. त्यांच्या पिढीतली कितीतरी हुशार पोरं तिकडेच राहिली. अशा परदेशी जाऊन आलेल्यांना तिकडे ‘बीन-टू’ म्हणतात, आपल्या आजोबांच्या काळी ‘विलायत-रिटर्न’ म्हणत तसं. १९७७ ची ‘अवर सिस्टर किलजॉय’ ही कादंबरी अशा परदेशी गेलेल्यांवरच आहे: सिसी नावाची मुलगी युरोप बघून येते, आणि परत न फिरणाऱ्या विद्वानांची सालटी काढते. गद्य चालता चालता मधेच कविता होते, काही पानांवर चारच शब्द. पहिल्या वाचनात वैताग येईल. येऊ द्या. ‘कादंबरीचे घटक’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता तुमच्या प्रश्नातला ‘मग प्राध्यापक’ हा तुकडा. सत्तरच्या दशकात त्यांनी केप कोस्ट विद्यापीठात शिकवलं, आणि हे विद्यापीठ कसलं आहे ते बहुतेक लेख सांगत नाहीत. १९६२ मध्ये ते काढलं गेलं ते मुख्यतः शाळांसाठी पदवीधर शिक्षक घडवायला. म्हणजे आयडूंच्या वर्गात बसलेली मुलं उद्या देशभरच्या माध्यमिक शाळांत उभी राहणार होती. एका लेखिकेला याहून मोठा वाचकवर्ग कोणता हवा? कादंबऱ्या मोजणाऱ्यांना हा हिशोब दिसत नाही.

आणि या प्राध्यापिकेला शिक्षकी पेशाबद्दल काय वाटत होतं, ते ‘नो स्वीटनेस हिअर’ या १९७० च्या कथासंग्रहातल्या त्याच नावाच्या गोष्टीत आहे. सगळ्यांत आधी हीच वाचा. गोष्ट सांगते ती गावच्या शाळेतली बाई. गाव तिला ‘चिचा’ म्हणतं. ‘टीचर’ फान्टी जिभेवर घासून ‘चिचा’ झाला, जसा आपल्याकडे ‘मास्टर’चा ‘मास्तर’ झाला. क्वेसी हा तिचा विद्यार्थी, देखणा, आईचा एकुलता एक. आई मामी आमा, नवऱ्याने टाकलेली. घटस्फोटाची पंचायत बसते, मुलगा कुणाकडे जाणार यावर दोन्हीकडची माणसं वाद घालतात, आणि त्याच दिवशी मुलाला साप चावतो. चिचाला मुलाचा लळा आहे, त्याला पुढे मोठ्या शाळेत न्यायचे मनसुबे आहेत, गावाच्या चालीरीतींवर तिची मतं आहेत. यातलं काहीही त्या दिवशी उपयोगी पडत नाही. शेवटी ती मामी आमाच्या खोलीत डोकावते. आई गुडघ्यांवर बसलेली आहे, मुलाची पुस्तकं आणि शाळेचा गणवेश छातीशी घट्ट धरून. चिचा हाक मारते. ती हलत नाही. चिचा निघून येते.

त्या पुस्तकांकडे आणि गणवेशाकडे पुन्हा बघा. शाळेची निशाणी आईच्या हातात आहे आणि शाळेची बाई दारात रिकाम्या हातांनी उभी आहे. मी ही गोष्ट दहा-बारा वेळा शिकवली असेल. शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचायचं काम नेहमी विद्यार्थ्यांवर ढकललं, कारण माझा आवाज टिकायचा नाही.

मंत्रिपदाकडे येते. हा भाग सगळीकडे दीड ओळीत उरकतात: ‘१९८२ मध्ये शिक्षणमंत्री, अठरा महिन्यांनी राजीनामा.’ तुम्ही इथे चार पानं द्या. ३१ डिसेंबर १९८१ ला जेरी रॉलिंग्ज यांनी दुसऱ्यांदा सत्ता घेतली, आणि नव्या वर्षात आयडूंकडे शिक्षणखातं आलं. सरकार लष्करी उठावातून आलेलं आहे हे त्यांना काय दिसत नव्हतं? दिसत होतं. तरी गेल्या, कारण मोफत शिक्षण हे त्यांचं एकमेव मागणं होतं, आणि ते वर्गात उभं राहून देता येत नाही, फक्त खुर्चीतून देता येतं. यावर त्यांच्या टीकाकारांनी पुष्कळ लिहिलंय. मलाही तो निर्णय भाबडा वाटतो. पण बाहेर राहून स्वच्छ राहणाऱ्यांपेक्षा तो मला जास्त आवडतो, हेही खरं.

त्या खुर्चीखाली काय होतं ते बघा. तिजोरी रिकामी. हजारो घानी शिक्षक पोटासाठी नायजेरियात गेलेले. मग १९८३ उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीलाच नायजेरियाने परदेशी कामगारांना हाकललं, आणि दहा लाखांच्या आसपास घानी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन परत आली. त्याच वर्षी दुष्काळ, वणवे, कोकोच्या बागा जळाल्या. एप्रिलमध्ये सरकारने नाणेनिधीच्या साथीने आर्थिक फेररचनेचा कार्यक्रम हाती घेतला. अशा वेळी मोफत शिक्षणाची फाइल कुठे पडली असेल, हे सरकारी कार्यालयात एक चक्कर मारलेला कुणीही सांगेल. जे करायला आलो ते करता येणार नाही हे दिसलं, आणि त्या पायउतार झाल्या. घानात उच्च माध्यमिक शिक्षण मोफत झालं ते २०१७ मध्ये. आयडू तेव्हा हयात होत्या.

माझं म्हणणं असं, की हा राजीनामाही त्यांच्या लेखनाचाच भाग म्हणून वाचायला हवा. आटो यॉसनला जे जमलं नाही ते इथे लेखिकेने करून दाखवलं: वेळेवर एक सरळ वाक्य बोलायचं. शिकलेला माणूस गप्प बसतो, खुर्चीला धरून बसतो, यावर १९६४ पासून लिहीत आलेली बाई स्वतः खुर्चीला धरून बसली असती, तर पहिल्या नाटकापासूनचे सगळे शब्द तिला गिळावे लागले असते.

राजीनाम्यानंतर त्या १९८३ मध्येच झिम्बाब्वेला गेल्या. तो देश १९८० मध्ये स्वतंत्र झालेला, शाळांत मुलांची झुंबड उडालेली, आणि पुस्तकं मात्र ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तिथल्या गोऱ्यांच्या राजवटीच्या, काळातली. हरारेत शिक्षण मंत्रालयाच्या अभ्यासक्रम विकास विभागात त्यांनी काम धरलं. मंत्री म्हणून जे वरून करता आलं नाही ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून, धडा-धडा करून. केन्याच्या मिचेरे गिताए मुगो याही त्याच दशकात हरारेत शिकवत होत्या. त्याही लेखिका, त्याही प्राध्यापक, त्याही सरकारशी पटलं नाही म्हणून देश सोडून आलेल्या. दोघी गेल्या त्या २०२३ मध्ये, एका महिन्याच्या अंतराने.

‘कादंबरीत चौदा वर्षांचा खंड’ म्हणून ज्या काळाकडे बोट दाखवतात तो हाच. १९७७ ते १९९१. खंड कसला? १९८५ मध्ये हरारेतून कवितासंग्रह आला. १९८६ मध्ये मुलांसाठी ‘द ईगल अँड द चिकन्स’ आलं. मी वर म्हटलं होतं ना, गरुडाची गोष्ट लक्षात ठेवा; वडिलांना शाळा काढायला लावणाऱ्या अ‍ॅग्रेंचा तो गरुड कितीतरी वर्षांनी असा मुलीच्या पुस्तकाच्या नावात उतरला. आणि ते छापलं कुणी? नायजेरियात एनुगूच्या ताना प्रेसने. ही प्रकाशनसंस्था फ्लोरा न्वापा यांची: त्याही आधी शिक्षिका, मग प्रांतिक सरकारात मंत्री, ‘एफुरू’ या १९६६ च्या कादंबरीच्या लेखिका, आणि लंडनच्या प्रकाशकांवर विसंबून आपल्या मुलांच्या हाती पुस्तक पडत नाही हे ओळखून स्वतः छापखान्यात उतरलेल्या. दोघींच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या तर ‘लेखिका की शिक्षिका’ हा प्रश्न त्या पिढीला लागूच नव्हता हे दिसेल. पुस्तक लिहायचं, छापायचं, शिकवायचं, आणि जमलं तर खातंही चालवायचं, हे एकाच बाईच्या वाट्याला आलेलं काम होतं.

१९९१ च्या ‘चेंजेस’ कादंबरीला राष्ट्रकुल लेखक पुरस्कारात आफ्रिका विभागाचं पारितोषिक मिळालं. सुरुवातीला लेखिका कबुली देते, की अक्रातल्या प्रेमिकांवर मी कधीच लिहिणार नाही, असं एकदा म्हणाले होते आणि आता शब्द गिळतेय. नायिका एसी ही सरकारी खात्यात संख्याशास्त्रज्ञ. पुन्हा शिकलेली! पण आता संशय अधिक गुंतागुंतीचा आहे. नवरा सकाळी तिच्यावर जबरदस्ती करतो. ऑफिसात बसून ती विचार करते, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? अकानमध्ये शब्द नाही. मग ती एकेक आफ्रिकी भाषा मनात घेते, योरुबा, इग्बो, वोलोफ, स्वाहिली, शोना, आणि कुठेच शब्द सापडत नाही.

हा उतारा शिकवताना मी फळ्यावर ‘मराठी’ असंही लिहायची. ‘वैवाहिक बलात्कार’ हा शब्द आपण इंग्रजीवरून घडवला, आणि कायद्याने तो अजून गुन्हा मानलेला नाही. भारतीय न्याय संहितेतही नवऱ्यासाठीचा अपवाद तसाच आहे. घराघरांत त्यासाठी काय शब्द वापरतात असं विचारल्यावर वर्गातल्या मुली खाली बघायच्या. शब्द असतात, पण सगळे तक्रार न वाटणारे. एसीला शिक्षणाने पगार दिला, गाडी दिली, नवरा सोडण्याची हिंमत दिली. तो शब्द मात्र दिला नाही. पुढे ती दुसऱ्याची दुसरी बायको होते. तिची आजी तिला बाई आणि पुरुष यांच्याबद्दल जे सुनावते ते पान मी इथे सांगत नाही, स्वतः वाचा.

त्यांच्या स्त्रीवादाबद्दल एवढंच: ‘आफ्रिकी बाईला हा पाश्चात्त्य शब्द कशाला’ असा प्रश्न आला की त्या अंग चोरत नसत. प्रत्येक बाईने आणि प्रत्येक पुरुषाने स्त्रीवादी असलं पाहिजे, विशेषतः आफ्रिकेची जमीन आणि संपत्ती आफ्रिकी हातात हवी असेल तर, असं त्या ठणकावून म्हणत. त्यावर ग्रंथालयभर पुस्तकं आहेत. तुमच्या वीस पानांत एक परिच्छेद पुरे.

पुढचा काळ मी भरभर सांगते. घानात परतल्यावर २००० मध्ये त्यांनी ‘म्बासेम’ नावाची संस्था काढली, बायकांना लिहायला जागा आणि वेळ मिळावा म्हणून. अकानमध्ये त्याचा अर्थ साधारण ‘बायकांचे शब्द, बायकांच्या गोष्टी’. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात काही वर्षं शिकवलं. कथा लिहीत राहिल्या. ३१ मे २०२३ ला गेल्या, आणि जुलैमध्ये शासकीय इतमामात निरोप दिला गेला.

तुमच्या शेवटच्या प्रकरणासाठी मात्र ‘द गर्ल हू कॅन’ घ्या, १९९७ च्या संग्रहातली. आजवरचा संशय इथे पहिल्यांदा थोडा सैल होतो. सात वर्षांची अजोआ, आजी आणि आई. अजोआचे पाय काटकुळे. आजीला घोर: अशा पायांवर कंबर कशी भरणार, आणि मूल कसं होणार? पोरीला शाळेत घालणं म्हणजेही तिला वेळेची नासाडी वाटते. आईची बोलायची टाप नाही. मग शाळेच्या धावण्याच्या शर्यतींसाठी अजोआची निवड होते, आणि आजीचा सूर बदलतो. ती गणवेश धुते, कोळशाच्या इस्त्रीने कडक करते, आणि स्पर्धेच्या आठवड्यात रोज नातीबरोबर शाळेत जाते. पोरगी जिंकते. चकचकीत करंडक घरी आणताना आजी तो पाठीवर बांधते, तिकडे बाळ बांधतात तसा.

दोन गणवेश शेजारी ठेवा. १९७० चा, मेलेल्या मुलाचा, आईने उराशी धरलेला. आणि १९९७ चा, आजीने इस्त्री केलेला. मधल्या सत्तावीस वर्षांत लेखिका प्राध्यापक झाली, मंत्री झाली, पायउतार झाली, परक्या देशात अभ्यासक्रमांवर काम करून आली. प्रकरणांची विभागणी तुमची तुम्हाला सापडेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. या कथा डोळ्यांनी वाचून उरकू नका. आपल्या कथा ऐकण्यासाठी आहेत असं आयडू म्हणत, आणि काही तर जवळजवळ निव्वळ बोलण्यावर उभ्या आहेत. ‘समथिंग टू टॉक अबाउट ऑन द वे टू द फ्युनरल’ घ्या: दोन बायका मयताला चालल्या आहेत आणि वाटेत मेलेल्या पाववाल्या बाईची, आँटी अराबाची, सगळी कुंडली मांडताहेत. वसतिगृहातल्या मैत्रिणीला समोर बसवा, एकीने एक बाई घ्यायची, दुसरीने दुसरी, आणि मोठ्याने वाचायचं. इंग्रजी अडखळतं वाटेल तिथे थांबून तेच वाक्य मराठीत, आपापल्या गावच्या बोलीत म्हणून बघा. आमच्या वर्गात हे खानदेशीत झालं होतं, आणि मूळ इंग्रजी वाक्य तसं का मोडलंय ते तेव्हा कुठे मला कळलं.